पहिली एअर रायफल: स्प्रिंगची की पीसीपी?
सोलापुरात बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी पहिली रायफल म्हणजे ४.५ मिमीची एअर रायफलच. १० मीटरच्या स्पर्धेतही तीच चालते. प्रश्न एवढाच: स्प्रिंगची घ्यायची की पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी?

स्प्रिंगची स्वस्त, पंप-सिलिंडरची कटकट नाही. पण बॅरल (नळी) खाली दुमडून कॉक करायला, म्हणजे स्प्रिंग दाबून रायफल सज्ज करायला, जोर लागतो, आणि छर्रा बाहेर पडण्याआधीच पिस्टनचा दणका बसतो. म्हणून पुढचा हात आवळला की छर्रे विखुरतात. रायफल तळहातावर नुसती टेकवायची. छर्रा न भरता ट्रिगर ओढू देऊ नका, पिस्टनचं सील खराब होतं.

पीसीपीला धक्का जवळपास नसतो. ट्रिगर झटकला तर छर्रा बाजूला जातो आणि मुलाला आपली चूक तिथेच दिसते. शिकायला याहून चांगलं काही नाही. सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत भरतात. हवा कोरडीच हवी. ओलसर हवेने आतून गंज चढतो. साधं तेल अजिबात नको, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. मे महिन्यात इथला पारा चाळिशीपार जातो, तेव्हा भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका.

मुलगा नेमबाजीच्या रेंजवर नियमित जाणार असेल तर पीसीपीच घ्या, वापरलेली चालेल. फक्त सिलिंडरवरची मुदत वाचा आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) मुलाच्या खांद्याला बसते का पाहा. रेंज घरापासून लांब असेल तर स्प्रिंगची, पण मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच.