वजनकाटा की कालची आठवण? विडी कामगार घरांचा आहार मोजताना

गृहविज्ञानाचा प्रबंध हाती घेतलेली मुलगी माझ्याकडे येते तेव्हा विषय बहुतेक ठरलेला असतो. सोलापूरचा पूर्व भाग, विड्या वळणाऱ्या बायका आणि त्यांच्या घरातलं खाणं. गाडी अडते ती पुढे. घरोघर जाऊन शिधा तोलायचा, की बाईजवळ बसून काल काय खाल्लं ते विचारायचं? दोन्ही पद्धती मान्य आहेत. १९७२ मध्ये सुरू झालेल्या आणि अनेक राज्यांत आहार पाहण्या केलेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरोने दोन्ही वापरल्या होत्या. म्हणून "मॅडम, जास्त बरोबर कोणती?" या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. तुम्हाला नेमकं काय शोधायचंय, त्यावर ते ठरतं.

तोलायचं म्हणजे चूल पेटण्याआधी घरात हजर राहायचं. पीठ, तांदूळ, डाळ, भाजी, तेल सगळं कच्चं असताना काट्यावर ठेवायचं आणि रात्री उरलंसुरलं वजा करायचं. या पद्धतीची खरी ताकद कळते तेलात आणि शेंगदाण्याच्या कुटात. आपल्याकडे कूट पडत नाही अशी भाजी विरळाच, पण विचारलं तर कुणी सांगत नाही. "वांग्याची भाजी केली होती," एवढंच येतं. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. दोन मुठी कूट नोंदीतून सुटलं, तर त्या घराच्या प्रथिनांचा आकडा विनाकारण खाली येतो. तेलाचंही तसंच. "अंदाजानं टाकते" याचे ग्रॅम कसे करणार? सकाळी बाटली तोला, रात्री पुन्हा तोला, झालं.

आठवणीच्या पद्धतीत काल उठल्यापासून आज उठेपर्यंतचे २४ तास बाईच्या तोंडून काढायचे असतात. इथे चूक होते ती प्रश्न विचारण्यात. "काल काय जेवलात?" असं विचारलंत की चहा-खारी गेली, येताजाता तोंडात टाकलेले दाणे गेले, भाकरीवरची शेंगा चटणीही गेली. आपल्या लेखी ते जेवणच नसतं. घरात तेलुगू बोलत असतील तर आणखी जपा. 'अन्नम' म्हणजे भातही आणि जेवणही, त्यामुळे "अन्नम खाल्लं" या उत्तरावर तांदळाची नोंद करून मोकळं होऊ नका. दिवसाच्या क्रमाने विचारा: उठल्यावर काय घेतलं, मुलं शाळेत गेल्यावर काय, पहिला गठ्ठा वळून झाल्यावर काय. घरातल्याच वाट्या-पळ्या समोर मागवा, त्यात पाणी भरून मोजा.

कडक भाकरी हा तर सोलापूरचा खास सापळा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची ताजी भाकरी पाण्यामुळे दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते, तीच कडक केली की पुन्हा शंभराच्या आसपास येते. पहिल्या पाहणीत मी कडक भाकरी ताजीच्या खात्यात धरली आणि एका आजींचा आहार कागदावर बराच खाली आला. त्या मात्र रोजच्यासारख्या जेवल्या होत्या. तेव्हापासून मी भाकरी नेहमी पिठात मोजते. भाकरी बाहेरून विकत आणलेली असेल, तर एक चुरून तिचं वजन घ्या आणि 'कडक' हा शब्द नोंदीत ठळक लिहा.

आता मुद्द्याचं. काटा सांगतो की घरात किती शिजलं. कुणाच्या ताटात किती पडलं, हे तो सांगत नाही. ती फट आपण उपभोग एककांनी, म्हणजे बैठं काम करणाऱ्या पुरुषाच्या तुलनेत प्रत्येकाची गरज किती धरायची त्या आकड्यांनी, भरतो: बैठं काम करणारा पुरुष १, मध्यम कष्टाचा १.२, बैठं काम करणारी स्त्री ०.८, ९ ते १२ वर्षांचं मूल ०.८, ५ ते ७ वर्षांचं ०.६. एक घर धरू. नवरा यंत्रमागावर, बायको विड्या वळते, एक मूल दहा वर्षांचं, एक सहाचं. एककं झाली ३.४. दिवसाला ८५० ग्रॅम ज्वारीचं पीठ लागलं, म्हणजे एककाला २५० ग्रॅम. बायकोच्या वाट्याला २०० ग्रॅम आले, म्हणजे शंभर ग्रॅमच्या दोन भाकरी. कागदावर ती नीट जेवली.

तिच्याशेजारी बसून विचारलं, की कळतं दुपारी एक खाल्ली आणि रात्री चतकोर. नणंद आली होती, धाकट्याने अर्धी जास्त मागितली, आणि ही शेवटी बसली. पाऊण भाकरी कमी पडली, म्हणजे सुमारे २५० किलोकॅलरी आणि साडेसात ग्रॅम प्रथिनं. बैठं काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज १६६० किलोकॅलरी धरली, तर हा जवळजवळ सातवा हिस्सा. ही तूट काट्याच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, उलट सरासरी तिला झाकून टाकते. बायकांच्या आहारावरचा प्रबंध नुसत्या घरगुती तोलावर उभा केलेला दिसला की मला खरंच वाईट वाटतं, ते याचमुळे.

आठवणीलाही हे सत्य आपोआप सापडतं असं नाही. सासूबाई समोर बसल्या असतील तर सून "पोटभर जेवले" असंच म्हणणार. तिच्या वेळेने जा, ती विड्यांचं सूप मांडीवर घेऊन एकटी बसलेली असेल तेव्हा. हात चालू असले की ती मोकळं बोलते. आणि तिची मजुरी हजार विड्यांमागे असते, हे विसरू नका. तोलायला तुम्ही सकाळ-संध्याकाळ तिच्या ओट्याजवळ उभ्या राहता, तेवढ्या वेळात तिच्या विड्या कमी वळतात. आठवण विचारताना हात थांबवायला लागत नाहीत. त्यात भर म्हणजे, काटा घेऊन पाहुणी येणार म्हटल्यावर पहिल्या दिवशी हमखास एक भाजी जास्त होते. तोलणारच असाल तर पहिला दिवस हिशोबात धरू नका.

महिन्याच्या वाणसामानाचा खर्च विचारायचा हा तिसरा मार्ग. किराण्यापुरता ठीक, पण रेशनचं फुकट धान्य, गावाकडून आलेली ज्वारी आणि गाड्यावरचं खाणं त्यातून निसटतं. पोषणाच्या प्रबंधाला मी तो एकटा घेऊ देत नाही.

तेव्हा, प्रबंधाच्या नावात 'कुटुंब' असेल आणि प्रश्न तेल, मीठ, धान्य किती लागतं असा असेल, तर तोला. घरं कमी घ्या, पण नीट तोला. नावात 'महिला' असेल तर आठवण घ्या. एका दिवसाची नको, सलग नसलेल्या तीन दिवसांची घ्या आणि त्यातला एक दिवस सुट्टीचा असू द्या. त्याच घरांपैकी दहा-बारा घरांत एक दिवस तेल आणि कूट तेवढं तोलून घ्या, म्हणजे बाकीच्यांच्या अंदाजाला आधार मिळेल. ज्या घरात आठवड्याचा पगार येतो तिथे पगाराचा दिवस कोणता ते आधी विचारा. त्या दिवशीचं ताट आणि आदल्या दिवशीचं ताट एकाच घरातलं वाटत नाही. उपवासाचा वार नोंदीत लिहा. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आठवड्यात पाहणी ठेवू नका. भोगीची बाजरीची भाकरी आणि गड्ड्यावरचं, म्हणजे यात्रेतलं, खाणं मिळून जो आकडा येईल, तो बाकीच्या वर्षाला लागू होणार नाही.