आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए: कलिना की जेएनयू?

मुंबईत बीए करून आंतरराष्ट्रीय संबंधांकडे वळणाऱ्या मुलामुलींपुढे बहुतेक वेळा दोन नावं येतात, कलिन्याचं मुंबई विद्यापीठ आणि दिल्लीचं जेएनयू, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. खासगी विद्यापीठांचा विचार मी इथे करत नाही. मोठं शैक्षणिक कर्ज पहिल्या पगारातून फेडता येईल, असा हा विषय नाही.

निव्वळ अभ्यासाची खोली पाहिली तर जेएनयू पुढे आहे. तिथल्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजची सुरुवात १९५५ साली दिल्लीतल्या सप्रू हाउसमध्ये वेगळी संस्था म्हणून झाली. १९७० मध्ये ती जेएनयूत सामील झाली. तिथे पश्चिम आशिया, आफ्रिका, रशिया व मध्य आशिया, पूर्व आशिया अशी प्रदेशवार केंद्रं आहेत. समजा तुम्हाला इराण नीट समजून घ्यायचा आहे. त्या प्रदेशावर आयुष्य घालवलेले प्राध्यापक आणि फारसी शिकवणारा विभाग, दोन्ही एकाच आवारात सापडतात. पुढे पीएचडी आणि अध्यापन हेच ध्येय असेल, तर प्रवेश मिळाल्यावर जास्त विचार करत बसू नका, जा.

कलिन्यात या विषयाला राज्यशास्त्राचा भक्कम पाया मिळतो. पण एखाद्या प्रदेशात खोल उतरायचं तर बरीच वाट स्वतःच काढावी लागते. फ्रेंच, जर्मन, रशियन शिकायची सोय त्याच आवारात आहे, तिचा फायदा मात्र फार थोडे विद्यार्थी घेतात.

तरीही मुंबईकडे एक गोष्ट आहे जी दिल्लीकडे नाही: समुद्र. नौदलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय इथे, न्हावा-शेवा बंदर खाडीपलीकडे, रिझर्व्ह बँक फोर्टात, अमेरिकेचा वाणिज्य दूतावास कलिन्याला लागूनच बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. २०२३च्या अखेरीस लाल समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. त्याचा निर्यातदारांवर काय परिणाम झाला, हे विचारायला मुंबईच्या विद्यार्थ्याला फार लांब जावं लागत नाही. मशीद बंदर आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये शिपिंगच्या कामात मुरलेली माणसं भेटतात. सागरी व्यापार, तेल, निर्बंध, चलन यांपैकी कशावर प्रबंध लिहायचा असेल, तर मी मुंबईच निवडेन. परराष्ट्र धोरणावर काम करणारी गेटवे हाउस ही संस्थाही २००९ पासून याच शहरात आहे. दिल्लीत अशा संस्था कितीतरी जास्त आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. इंटर्नशिपसाठी त्याचा फरक पडतो.

खर्चाचा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. जेएनयूची फी नाममात्र आहे, पण प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, आणि हॉस्टेलची खोली हाती येईपर्यंतचे दिवस महाग पडतात. इथे घरचं जेवण आहे. पण डोंबिवलीहून कुर्ला, तिथून बस किंवा रिक्षा, आणि संध्याकाळी तेच उलट, यात वाचनाचे रोजचे तीन-चार तास जातात. एमएचा सगळा जीव वाचनात असतो, म्हणून ही गोष्ट मला फीपेक्षा मोठी वाटते. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी तर जास्तच, कारण संदर्भसाहित्य दोन्हीकडे बहुतेक इंग्रजीतच आहे आणि सुरुवातीला वेग कमी पडतो. तो काही महिन्यांत वाढतो. घाबरून विषय सोडू नका.

यूपीएससीसाठी एमए करत असाल तर थांबा. परराष्ट्र सेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात आणि आंतरराष्ट्रीय भाग दुसऱ्यात येतो. तेवढ्यासाठी दोन वर्षं दिल्लीत काढायची गरज नाही. कलिन्यात प्रवेश घेऊन तयारी करता येते, आणि परीक्षा निघाली नाही तरी नेटचा, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेचा, मार्ग उघडा राहतो.

अर्ज दोन्हीकडे करा. यादी लागण्याआधी दोन्ही ठिकाणचा अभ्यासक्रम डाउनलोड करून दुसऱ्या वर्षाचे ऐच्छिक पेपर वाचा. आपल्याला ज्या प्रश्नाचा छडा लावायचा आहे, त्याच्या जवळचे पेपर कुठे जास्त आहेत ते मोजा.