सी-ट्राउटसाठी रात्रीच्या माश्या: टाउई नदीवरच्या पाच महिन्यांनंतर

गेल्या एप्रिलच्या अखेरीस मी इंटरनेटवरच्या एका दुकानातून मासे पकडण्याच्या आकड्यांवर, म्हणजे गळांवर, पिसांनी बांधलेल्या २४ कृत्रिम माश्यांचा डबा मागवला. सहा प्रकार, प्रत्येकी चार नग, किंमत ३८ पौंड. वर्णनात ‘सी-ट्राउटची रात्रीची निवड’ असे लिहिले होते. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत वेल्समधल्या टाउई नदीवर, लान्डायलोच्या खालच्या अंगाला, एकूण ३१ रात्री मी त्या वापरल्या. २२ मासे हाती आले आणि १७ रात्री रिकाम्या गेल्या. लहानपणी वेंगुर्ल्याच्या खाडीत गरवायला जाणाऱ्या माणसाला हे प्रमाण लाजिरवाणे वाटेल. इथले जुने लोक मात्र ते बरे मानतात.

ज्यांना हा मासा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगतो. सी-ट्राउट ही वेगळी प्रजाती नव्हे. ओढ्यात जन्मलेल्या तपकिरी ट्राउटपैकीच काही मासे समुद्रात उतरतात, तिथे चांदीसारखे होऊन वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदी चढतात. आपल्याकडचा पाला, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात, तोही असाच समुद्रातून गोड्या पाण्यात शिरतो. वेल्समध्ये या माशाला सूइन म्हणतात आणि टाउई ही त्याची नावाजलेली नदी आहे. सूइन अतिशय भित्रा असतो. उन्हाळ्यात पाणी उतरून नितळ झाले की दिवसभर तो खोल डोहात झाडांच्या मुळांखाली दडून राहतो, आणि अंधार पडल्यावर डोहाच्या शेपटाकडे, म्हणजे जिथे पाणी उथळ होऊन पुढच्या खळखळाटाकडे वळते तिथे, सरकतो. म्हणून त्याची मासेमारी रात्रीची.

माशी निवडताना ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की नदीत आलेला सूइन फारसे खात नाही. दिवसा तपकिरी ट्राउटच्या मागे लागलेला माणूस पाण्यावर कोणता किडा उडतो आहे ते पाहतो आणि त्याची नक्कल दोऱ्याला बांधतो. रात्री तो हिशेब लागू पडत नाही. सूइन माशीला तोंड घालतो ते भुकेने, रागाने की समुद्रातल्या सवयीने, यावर आमच्या क्लबच्या खोलीत कितीही तास वाद घालता येतो. कारण काहीही असो, त्याला खालून काय दिसते हा प्रश्न उरतोच. अंधुक प्रकाशात माशाचा डोळा रंग ओळखणाऱ्या पेशींवर नव्हे, तर केवळ उजेड-अंधार टिपणाऱ्या पेशींवर चालतो, आणि मासा माशीकडे बहुधा खालून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहतो. तेव्हा रंगीत पिसांच्या नाजूक कामापेक्षा आकृतीचा ठसठशीतपणा, लांबी आणि माशी कोणत्या खोलीवर किती वेगाने सरकते, यांना अधिक महत्त्व येते. हे मी आधी वाचले होते, तरीही डबा मात्र रंग पाहूनच निवडला. माशी विकत घेणाऱ्याला भुलवते, माशाला नाही, असे आमच्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणतात, आणि पहिला महिना तरी मी त्यांच्या या वाक्याचे चालते-बोलते उदाहरण होतो.

आता प्रत्यक्ष माश्या. टील ब्लू अँड सिल्व्हर ही सर्वांत प्रसिद्ध: चंदेरी पत्र्याचे अंग, गळ्याशी निळे पीस, वर टील बदकाच्या कुशीतल्या काळ्या-पांढऱ्या रेघांच्या पिसाचा पंख. डब्यातल्या चारही आठ नंबरच्या होत्या. (आकड्याचा नंबर जितका मोठा तितका आकडा लहान, हे नवख्याने लक्षात ठेवावे.) या माशीवर सहा मासे मिळाले आणि ते जवळपास सगळे संधिप्रकाश पुरता विझण्यापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात. थोडा उजेड शिल्लक असताना चंदेरी अंग चमकते आणि ती लहान मासळीसारखी भासते, असे मला वाटते. गडद अंधारात तिने मला एकही मासा दिला नाही. जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि खरा अंधार अकराच्या सुमारास होतो, त्यामुळे या माशीचा वेळ थोडा. पण तेवढ्या वेळेत ती चोख काम करते.

सिल्व्हर स्टोटला मी आधी दुय्यम मानले होते, कारण दिसायला ती अगदी साधी: चंदेरी अंग आणि काळ्या केसांचा पंख. हंगामातले नऊ मासे तिच्यावर आले. काळा पंख आकाशासमोर स्पष्ट उमटतो आणि केस पिसांसारखे चिकटून न बसता प्रवाहात सतत हलतात. दहा नंबरची माशी जुलैच्या उतरलेल्या पाण्यात अर्ध्या-पाऊण किलोच्या लहान सूइनांसाठी उत्तम ठरली, तर सहा नंबरची पावसानंतर पाणी कोऱ्या चहासारखे असताना. डब्यात दोन्ही मापांच्या दोन-दोन होत्या. माझ्या मते चार-चार असायला हव्या होत्या आणि त्यासाठी डब्यातल्या बुचर व अलेक्झांड्रा या आणखी दोन प्रकारच्या माश्या खुशाल वगळता आल्या असत्या. त्या दोन्ही मी अनेकदा टाकल्या आणि त्यांनी काहीच केले नाही. दोष त्यांचा नसेलही, कारण माझा विश्वास नसलेली माशी मी मन लावून ओढत नाही.

पाचवा प्रकार पाच सेंटिमीटरच्या काळ्या ट्यूबचा: प्लास्टिकच्या नळीवर बांधलेले केस आणि मागे सुटा आकडा. हिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ती उघडल्यावर मी जवळजवळ हसलो होतो. एवढी मोठी वस्तू भित्र्या माशासमोर टाकायची कशी? पण रात्री साडेबारा-एकच्या सुमारास हवा थंडावते, पाण्यावर धुक्याचा पापुद्रा चढतो, आणि आतापर्यंत शेपटाशी खळबळ करणारे मासे एकाएकी गप्प होतात. पुष्कळ लोक या वेळी घरी जातात. जून संपेपर्यंत मीही जात असे. जुलैच्या एका रात्री मी तरंगती दोरी काढून बुडणारी लावली, ट्यूब डोहाच्या मध्यावर आडवी टाकली, मनात २० पर्यंत आकडे मोजले आणि मग डाव्या हाताच्या बोटांवर दोरी आठाच्या आकाराची गुंडाळत, एखाद्या आजारी माणसाच्या चालीने, ती ओढू लागलो. तिसऱ्या फेकीला दोरी नुसती जड झाली. झटका नाही, ठोका नाही, ओल्या गोणपाटात अडकावी तशी. तो अडीच किलोचा मासा होता, हंगामातला सर्वांत मोठा. ट्यूबवर एकूण चारच मासे मिळाले, पण एकही दीड किलोच्या आतला नव्हता.

सहावा प्रकार, पाण्यावर तरंगणारी फोमची माशी, वापरायला सर्वांत मजेदार आणि भरवशाला सर्वांत कमी. ती पृष्ठभागावर ओढली की मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ उमटते, आणि माशी डोळ्यांना दिसली नाही तरी त्या हालचालीचे कंप माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा टिपते. ढगाळ, उबदार, वारा पडलेली, काजळी रात्र असेल तरच ती चालते. अशा रात्री मला पाच महिन्यांत चारच लाभल्या. तीन मासे आले. त्यांच्याहून अधिक वेळा अंधारात नुसता ‘डुब्ब’ असा आवाज झाला, मी घाईने काठी उचलली आणि दोरी रिकामीच मागे आली. आता मी आवाजावर काठी उचलत नाही, हाताला वजन लागेपर्यंत थांबतो. हे लिहायला सोपे आहे, करायला महिना लागला.

डब्याविषयीची माझी खरी तक्रार पिसांबद्दल नसून आकड्यांबद्दल आहे. वेल्समध्ये २०२० पासून सॅमन मासा पकडला तर सोडणे बंधनकारक आहे, आणि सॅमन व सी-ट्राउटसाठी उलटा काटा नसलेले किंवा तो दाबून टाकलेले आकडेच वापरावे लागतात. दुकानाने काटेवाले आकडे पाठवले. पकडीने काटा दाबताना २४ पैकी तीन आकडे वाकाशीच तुटले. पोलाद ठिसूळ असल्याचे ते लक्षण. दोन आकडे मोठ्या माशाने सरळ केले. एका टीलच्या आकड्याच्या डोळ्याची, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाची, कड इतकी धारदार होती की तिने ताण येताच तंगूस (माशीला बांधायचा नायलॉनचा दोरा) कापला, आणि तो मासा मी अजून विसरलो नाही. दुकानाला पत्र लिहिले. त्यांनी शांतपणे दुसऱ्या खरेदीवर दहा टक्के सवलत देऊ केली. काटा दाबल्याने मासे सुटतात ही भीती मात्र मला खरी वाटत नाही. सूइनचे तोंड मऊ असते, ते फाटून मासा सुटतो तो बहुधा आपण जोर केल्यामुळे. आणि अंधारात, पाण्यातच, दोन बोटांनी आकडा काढून मासा सोडता येणे ही केवढी सोय आहे हे पहिल्याच वेळी कळते.

वापराच्या काही गोष्टी, ज्या डब्यावर लिहिलेल्या नव्हत्या. रात्री बारीक तंगूस लावण्यात अर्थ नाही. दहा-बारा पौंड ताकदीचा जाड तंगूस माशाला खटकत नाही आणि त्याच्या गाठी थंडीने बधिरलेल्या बोटांनाही जमतात. जुने लोक वर एक आणि टोकाला एक अशा दोन माश्या बांधतात. मी तीन आठवडे बांधल्या, त्यांतले सुमारे दोन आठवडे गुंता सोडवण्यात गेले, आणि तेव्हापासून एकच बांधतो. दिवा लाल प्रकाशाचा ठेवावा आणि तोही पाण्याकडे पाठ करून लावावा. काठावर पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नये. समोरच्या काठावरच्या गवताचा हिरवा रंग दिसेनासा होईपर्यंत थांबायचे, हा इथला जुना नियम आहे. मी तो दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा शेपटाशी जमलेले मासे लाटेच्या एका फुगवट्यासह डोहात पळताना पाहिले. दुपारी येऊन काठ आणि तळ पाहून ठेवावा, फेकीचे अंतर ठरले की दोरीवर चिकटपट्टीची खूण करावी. मग अंधारात बोटाला खूण लागली की माशी पलीकडच्या झुडपात जाणार नाही याची खात्री असते. टाउईचे काठ मातीचे आहेत आणि पुरात ढासळतात, त्यामुळे गेल्या वर्षीची पायवाट या वर्षी असेलच असे नाही. एकट्याने जाऊ नये.

टिकाऊपणाविषयी एवढेच: टीलचे पिसांचे पंख चार-पाच माशांनंतर विस्कटले, स्टोटचे केस हंगामभर टिकले. ओल्या माश्या फोमच्या डब्यात बंद करून ठेवल्याने जुलैत सहा आकड्यांना गंज चढला, ती चूक माझी. आता घरी आल्यावर, पहाटेचे कितीही वाजलेले असोत, त्या आधी बुचाच्या तुकड्यावर खोचून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. बायको त्यांना पहिल्यांदा पाहून खऱ्या समजली होती आणि तिने चप्पल उचलली होती.

हा डबा पुन्हा घेईन का? नाही. सुट्या माश्या घेईन: आठ नंबरच्या दोन टील, सहा आणि दहा नंबरच्या चार-चार स्टोट, दोन काळ्या ट्यूब, एक तरंगणारी. सगळ्या आधीपासूनच काटा नसलेल्या आकड्यांवर बांधलेल्या, भले नगामागे एक पौंड जास्त पडो. सवलतीचा तो दहा टक्क्यांचा कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे. त्याची मुदत मार्चमध्ये संपते.