सेवा की संघटन? ख्रिस्ती श्रद्धेच्या दोन वाटा

'मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं' हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या कॅथलिक वर्कर चळवळीने ते शब्दशः घेतलं: बेकारांना सूप, पाव, निवारा.

दुसरी वाट संघटनाची, बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याची: न्याय पाण्यासारखा वाहू दे. ५ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी सुरू केलेला बस-बहिष्कार चालू ठेवायचं ठरलं. तो ३८१ दिवस चालला, आणि चर्चच्याच जोरावर. सभा तिथे, वर्गणी तिथे, स्तोत्रंही तिथेच. लोकांची ने-आण करणाऱ्या स्टेशन वॅगन चर्चच्या नावावर नोंदवलेल्या होत्या. रोज पायी कामाला जाणाऱ्या मोलकरणींचं बळ टिकलं ते याच घट्ट वीणीमुळे.

मला संघटनाची वाट जास्त पटते. सूपाने आजची भूक भागते. बसमधला भेदभाव मात्र बहिष्कार आणि कोर्टातली लढाई यांनीच हटवला. (डे स्वतः निदर्शनांत उतरल्या, तुरुंगातही गेल्या, त्यांना नुसत्या सेवेच्या रकान्यात टाकणं चुकीचं.) पण जिथे गरिबांचा चर्चवर विश्वासच नाही, तिथे आधी चूल पेटवावी, मोर्चाचं नंतर बघावं.