कुंपणाची फळझुडपं की प्लमची झाडं? दोन्ही सांभाळल्यावरचा अनुभव

फळझाड निवडताना आपण आधी चवीचा विचार करतो. दोन्ही प्रकार हाताळल्यावर माझा क्रम बदलला आहे. याची छाटणी वर्षाच्या कोणत्या दिवसांत करावी लागेल आणि तेव्हा मला सवड असेल का, हे मी आता सगळ्यात आधी बघते. थंड हवेच्या बागेत या दोन प्रकारांमधला खरा फरक तिथेच आहे, आणि रोपं विकणारे नेमकं तेवढंच सांगत नाहीत.

माझ्याकडे मागच्या हद्दीवर ब्लॅकथॉर्न, हॉथॉर्न, जंगली गुलाब आणि एल्डर या युरोपातल्या रानझुडपांचं जुनं, दाट कुंपण आधीपासून आहे. घरालगतच्या मोकळ्या जागेत मी व्हिक्टोरिया या जातीच्या प्लमचं कलम लावलं. ते लावलं तेव्हाच दोन-तीन वर्षांचं असल्यामुळे फळ लवकर दिसलं. कुंपणाला एके ठिकाणी खिंडार होतं, तिथे डॅमसन हा प्लमचा एक प्रकार लावला. अनुभव या सगळ्यांचा आहे.

आधी ब्लॅकथॉर्नबद्दल, कारण कुंपणातलं फळ म्हटलं की लोकांच्या मनात तोच असतो. पानं फुटण्याआधी काळ्या फांद्यांवर पांढरा बहर येतो आणि बागेत दुसरं काहीच फुललेलं नसताना मधमाश्यांना तो आधार होतो. शरद ऋतूत निळसर-काळी, जेमतेम सेंटिमीटरभराची फळं लागतात. त्यांना स्लो म्हणतात. कच्ची तोंडात टाकली तर तुरटपणाने जीभ आकसते. हिमतुषार पडून गेला की फळ मऊ होतं, तुरटपणा थोडा उतरतो. तेवढं थांबायचं नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवूनही काम भागतं. पण गर कमी आणि बी मोठी, त्यामुळे टोपलीभर फळांतून जेली फार थोडी निघते, हे धरूनच चालावं.

फळ मिळवायचं असेल तर कुंपणाशी वागण्याची रीत बदलावी लागते. ब्लॅकथॉर्न आणि हॉथॉर्न दोन्ही आदल्या वर्षीच्या लाकडावर फुलतात. नीटनेटकं दिसावं म्हणून दरवर्षी चारी बाजूंनी कातरलेलं कुंपण हिरवंगार राहतं, पण फुलं कातरणीबरोबर निघून जातात. मी कुंपणाचे तीन भाग केले आहेत आणि दर हिवाळ्याच्या अखेरीस एकाच भागाला हात लावते. त्यामुळे दोन भाग कायम फळाच्या तयारीत राहतात, आणि पक्षी घरटी बांधायला लागण्याआधी काम उरकतं. ब्राउन हेअरस्ट्रीक नावाचं फुलपाखरू प्रामुख्याने ब्लॅकथॉर्नच्या कोवळ्या फांद्यांवर अंडी घालतं आणि ती अंडी हिवाळाभर तिथेच असतात. सरसकट कातरणी त्यांच्याही मुळावर येते. हे कळल्यापासून आळीपाळीची छाटणी मी कधीच मोडत नाही.

आता त्रासाचं. ब्लॅकथॉर्नचे काटे गंभीरपणे घ्या. टोक त्वचेत तुटून राहिलं तर जखम चिघळते, आणि बोटाच्या सांध्याजवळ शिरलं तर सांधा सुजून दिवसेंदिवस दुखत राहतो. अशा वेळी घरच्या घरी कोरत न बसता डॉक्टरकडे जावं. चामड्याचे जाड हातमोजे ही इथे गरज आहे. दुसरा त्रास मुळांवरून येणाऱ्या फुटव्यांचा. ते मूळ झुडपापासून बऱ्याच अंतरावर जमिनीतून वर येतात आणि दुर्लक्ष झालं की काही वर्षांत जाळी होते. माझ्या कुंपणाच्या आतल्या बाजूला गवताची पट्टी आहे, गवत कापताना फुटवेही कापले जातात, म्हणून निभावतं. कुंपणाला लागून भाजीचे वाफे असतील तर ब्लॅकथॉर्न लावूच नका, असं मी स्पष्ट सांगेन.

बाकीच्या झुडपांचं थोडक्यात. हॉथॉर्नची फळं पिठूळ, कच्ची खाण्यात मजा नाही, जेलीला मात्र चांगली. जंगली गुलाबाच्या फळांत क जीवनसत्त्व भरपूर, पण आतल्या बारीक केसांनी घसा खवखवतो, म्हणून रस दाट फडक्यातून दोनदा गाळावा. एल्डरची फळं कच्ची खाऊ नयेत, पोट बिघडतं. पिकलेली घ्यायची, देठ काढायचे आणि शिजवूनच वापरायची.

प्लमचं झाड हा वेगळाच संसार आहे. त्याची सुरुवात खुंटापासून, म्हणजे ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या मुळाकडच्या भागापासून होते आणि जातीपेक्षा मी खुंटाला जास्त महत्त्व देते. पिक्सी नावाच्या खुंटावरचं झाड साधारण तीन मीटरांत आवरतं. सेंट ज्युलियन ए खुंटावरचं चार ते पाच मीटरांपर्यंत जातं. लहान बागेत पिक्सी घ्यावा, पण त्याची मुळं जोरकस नसतात, म्हणून जमीन बरी हवी, आधाराचा खांब हवा आणि कोरड्या दिवसांत पाणी चुकवून चालत नाही. बुंध्याभोवतीचं गवत काढून मी आच्छादन घालते. त्याने जितका फरक पडला तितका कोणत्याही खताने पडला नाही.

व्हिक्टोरियाला परागीभवनासाठी दुसरं झाड लागत नाही, एकच झाड लावणाऱ्यासाठी ही मोठी सोय. धोका वसंतातल्या थंडीचा. पूर्ण उमललेल्या फुलांना उणे 2 अंशांच्या आसपास इजा व्हायला लागते. झाड बुटकं असल्यामुळे मी रात्री पातळ बागकामाचं कापड टाकते आणि सकाळी काढते. सकाळी काढणं विसरायचं नाही, नाहीतर मधमाश्या फुलांपर्यंत पोहोचत नाहीत. पाच मीटर उंच झाडावर हे करताच आलं नसतं.

फळ धरलं की विरळणी. व्हिक्टोरिया झेपेल त्याहून जास्त फळ धरते, लाकूड ठिसूळ असतं आणि भाराने फांदी बुंध्यापासून फाटते. नैसर्गिक गळ होऊन गेली की उरलेल्या फळांत 5 ते 8 सेंटिमीटर अंतर राहील इतकी फळं मी काढून टाकते. हिरवी फळं तोडताना जीव हळहळतो, पण उरलेली मोठी आणि गोड होतात, शिवाय झाड पुढच्या वर्षी रुसत नाही.

आणि ती फाटलेली फांदी फळांपेक्षा महाग पडते, कारण तिथून रोग शिरतो. प्लमचा मोठा शत्रू म्हणजे रुपेरी पानांचा रोग. त्याची बुरशी ओल्या लाकडाच्या जखमेतून आत जाते आणि तिचे बीजाणू शरद ते हिवाळ्याच्या दमट दिवसांत सर्वाधिक पसरतात. म्हणून प्लमची छाटणी भर उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी करायची. कुंपणाला हिवाळ्याची अखेर, प्लमला उन्हाळा, ही दोन वेळापत्रकं एकमेकांत मिसळू देऊ नयेत. ज्याला उन्हाळ्यात बागेकडे बघायला सवड नसते, त्याने प्लमऐवजी कुंपणच धरावं.

अळीचं एक. फळ अवेळी पिकून गळायला लागलं आणि कापल्यावर आत गुलाबी अळी नि विष्ठा दिसली, तर ते प्लमच्या पतंगाचं काम. मे महिन्याच्या मध्यापासून मी कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणारा सापळा, टांगते. त्यात फक्त नर अडकतात, सगळी कीड संपत नाही, पण एकट्या झाडावर उपद्रव कमी दिसतो. हाच पतंग ब्लॅकथॉर्नवरही वाढतो, कारण दोन्ही प्रूनस या एकाच वनस्पती-प्रजातीतली भावंडं आहेत. बागेपुरता अर्थ इतकाच की जुनं ब्लॅकथॉर्न कुंपण असताना प्लम त्याच्या अगदी कुशीत लावू नये.

मग निवड काय? माझं मन डॅमसनवर बसलं आहे. तो प्लमचाच आटोपशीर, काटक भाऊ. वारा-पाऊस सोसतो, कुंपणाच्या ओळीत उभा राहतो आणि तरी स्लोपेक्षा कितीतरी गर देतो. कच्चा तुरट, पण शिजवल्यावर जी खोल आंबटगोड चव येते ती मला व्हिक्टोरियात मिळत नाही. इंग्लंडमध्ये श्रॉपशर आणि वेस्टमोरलँडकडे तो बांधावर आणि कुंपणात लावायची जुनी चाल आहे, त्यामागचं कारण एका हंगामातच पटतं. मेरीवेदर आणि श्रॉपशर प्रून या दोन्ही जाती एकट्यानेही फळतात. चेरी प्लमही कुंपणात छान, पण तो फार लवकर फुलतो आणि थंडीच्या तडाख्यात सापडतो, म्हणून त्याच्या फळाची खात्री धरता येत नाही.

हातात दहा-बारा मीटरांची हद्द असेल तर मी हॉथॉर्न मुख्य ठेवेन, अधूनमधून डॅमसन, एखादा जंगली गुलाब, आणि रोपांत 30 ते 45 सेंटिमीटर अंतर. डॅमसनला मात्र दोन्ही बाजूंनी जास्त जागा सोडायची आणि त्याचा शेंडा कुंपणाच्या वर मोकळा वाढू द्यायचा, म्हणजे कातरणीच्या वेळी त्याला हात लावावा लागत नाही. हद्दच नसेल आणि ऊन येणारा एक कोपरा असेल तर पिक्सीवरचं एक व्हिक्टोरिया पुरे. उघड्या मुळांची रोपं पानगळीपासून कळ्या फुगेपर्यंतच लावता येतात, तेव्हा मागणी शरदातच नोंदवा, आणि रोपं आली की मुळं तासभरही वाऱ्यात उघडी ठेवू नका.