मुंबईच्या पावसाळ्यात सायक्लोक्रॉस सायकलचे ब्रेक : टीआरपी स्पायरचे परीक्षण

सायक्लोक्रॉस सायकल (चिखलाच्या, कच्च्या वाटेवरही चालणारी वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल) घेताना फ्रेम, गिअर आणि वजन यांवर भरपूर खल होतो आणि ब्रेक मात्र सायकलबरोबर जे येतील ते निमूटपणे स्वीकारले जातात. मुंबईत राहणाऱ्याने तरी असे करू नये, असे माझे ठाम मत आहे. चिमट्यावर (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कवर) आणि मागच्या बाजूला डिस्क कॅलिपर, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती दाबून धरणारा ब्रेकचा भाग, बसवण्याची सोय मुळात नसेल, तर ती पुढे सहजासहजी करून घेता येत नाही; त्यामुळे सायकल पसंत केली की ब्रेकचा निम्मा निर्णय आपोआप होऊन जातो. माझ्या सायकलवर टीआरपी कंपनीचे स्पायर हे वायरवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत. रोज कामावर जाणे, सुटीच्या दिवशी येऊरची किंवा आरेची कच्ची वाट आणि जून ते सप्टेंबर अखंड ओलावा, एवढे सगळे एकाच सायकलकडून करून घ्यायचे असेल, तर आज मी याच ब्रेकची शिफारस करेन.

सायक्लोक्रॉस हा मुख्यतः बेल्जियम-नेदरलँड्सकडच्या हिवाळी चिखलातला खेळ. शर्यत साधारण तासाभराची असते आणि स्पर्धकाला ठरलेल्या जागी सायकल बदलता येते. एका सायकलवर तो फेरी मारत असतो, तेव्हा दुसरी धुऊन तयार ठेवलेली असते. त्यामुळे तिथल्या नामांकित स्पर्धकांनी वर्षानुवर्षे हलके, उघडे कँटिलिव्हर ब्रेक (दोन बाहूंनी रिमवर रबर दाबणारे) वापरले, यात नवल नाही. आपल्याकडे सायकल एकच, ती धुवायची ती घरी पोहोचल्यावर, आणि चिखलाच्या वाटेनंतर लगेच घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक समोर उभी. त्यांची निवड जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही.

रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची खरी अडचण भर पावसात कळते. लिव्हर दाबल्यावर रबर आधी रिमवरचे पाणी पुसते आणि मगच पकड घेते. ३३ मिलिमीटरचा टायर असलेल्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर असतो. पाणी पुसण्यात चाकाचे दोन फेरे गेले, तर सायकल चार मीटरपेक्षा जास्त पुढे सरकते, आणि तेवढ्या अंतरात वेग जवळजवळ कमी झालेलाच नसतो. पुढची रिक्षा प्रवासी दिसताच डावीकडे वळते, तेव्हा ते चार मीटर आपल्याकडे नसतात. शिवाय चिखलातले बारीक खडे रबरात रुततात आणि ॲल्युमिनियमची रिम कानशीने घासल्यासारखी झिजवतात. मेट्रोच्या कामाजवळून वाहत आलेला सिमेंटमिश्रित गाळही तेच करतो. रिम झिजली की प्रश्न रबरापुरता राहत नाही, अख्खे चाक नव्याने बांधावे लागते. डिस्कचा रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, चाकाच्या मध्याजवळ, चिखलापासून उंच असतो, त्याच्यावरचे पाणी क्षणात निघून जाते आणि झिजला तर तो एकटाच बदलता येतो.

तरीही जुनी, चांगली पोलादी फ्रेम हाताशी असेल आणि तिच्यावर कँटिलिव्हरचेच खुंट असतील, तर ती मोडीत काढावी असे मी म्हणणार नाही. कँटिलिव्हरमध्ये दोन्ही बाहूंना जोडणारी आडवी वायर जितकी खाली आणावी तितकी तरफेची ताकद वाढते, मात्र लिव्हर जास्त खेचावी लागते आणि रबर रिमच्या अधिक जवळ ठेवावे लागते. हा मेळ जमवणारा मेकॅनिक मिळाला, तर ब्रेक बरा चालतो. जोरात दाबल्यावर पुढचा चिमटा थरथरत असेल, तर वायरचा वरचा आधार हँडलजवळ न ठेवता चिमट्याच्या माथ्यावर बसवून घ्यावा, बहुतेक वेळा थरथर थांबते. मिनी-व्ही ब्रेक (हेही रिमवरच दाबणारे) त्याहून जोरकस असतात आणि लावायलाही सोपे, पण रबर रिमला इतके चिकटून ठेवावे लागते की चाक जरा वाकडे झाले किंवा टायरला चिखल चिकटला की घासायला लागते.

सायक्लोक्रॉसच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१० साली परवानगी दिली. त्यानंतर कंपन्यांनी या सायकलींसाठी डिस्कवर जोमाने काम सुरू केले आणि आता नव्या सायक्लोक्रॉस सायकलींवर डिस्कच दिसतात. प्रश्न उरतो तो तेलावर चालणारे घ्यावेत की वायरवर चालणारे.

तेलावरचे, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक हातात घेतल्यावर मोह पडतो. एका बोटाने सायकल थांबते, पॅड (रोटरवर दाबणारा तुकडा) झिजत जाईल तसे अंतर आपोआप भरून निघते, आणि बंद नळीत पावसाचे पाणी शिरत नाही. निव्वळ गुणांवर निकाल द्यायचा झाला, तर तेच श्रेष्ठ, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण या सायकलींवर ब्रेकची लिव्हर आणि गिअरची लिव्हर एकाच खोक्यात असतात. पडल्यावर ती फुटली की दोन्हींचा खर्च एकदम येतो. तेलातली हवा काढायला योग्य संच, योग्य तेल आणि ते काम केलेला हात लागतो. शिमानो खनिज तेल वापरते, तर स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट ५.१ हे द्रव असते, आणि ही दोन एकमेकांच्या जागी कधीही चालत नाहीत, सील खराब होतात. डॉट द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मुंबईच्या हवेत ते वेळेवर बदलण्याची शिस्त अंगी असेल तरच त्या वाटेला जावे.

स्पायरचे वैशिष्ट्य असे की त्याचे दोन्ही पॅड हलतात. वायरवर चालणाऱ्या बहुतेक स्वस्त डिस्क ब्रेकमध्ये बाहेरचा एकच पॅड सरकतो, रोटरला ढकलून आतल्या स्थिर पॅडवर टेकवतो, म्हणजे प्रत्येक वेळी रोटर थोडा वाकतो. स्पायरमध्ये दोन्हीकडून सारखा दाब येत असल्याने लिव्हरचा स्पर्श भरीव लागतो आणि पॅडही जवळपास सारखे झिजतात. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून डोळा रोटरच्या रेषेत आणला, तर दोन्ही बाजूंना प्रकाशाची बारीक फट दिसते. लिव्हर हळूहळू दाबत गेले की दोन्ही फटी एकाच वेळी मिटायला हव्यात. एक आधी मिटली, तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून तो केसभर सरकवायचा आणि पुन्हा आवळायचा. एवढी जुळवणी घरी, खिडकीच्या उजेडात, कोणालाही जमते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडून खाली येणाऱ्या रस्त्यावर, श्रावणातल्या सरींत, हा ब्रेक मला सर्वांत जास्त पटला. तिथल्या ओल्या पानांवर आणि शेवाळलेल्या कडेवर ब्रेकची निव्वळ ताकद उपयोगाची नसते, कारण जास्त दाबले की चाक घसरते. तिथे किती दाबले म्हणजे किती वेग उतरेल, याचा अंदाज पहिल्या वळणावर आणि शेवटच्या वळणावर सारखाच असावा लागतो. स्पायरमध्ये तो तसाच राहतो. हायड्रॉलिकपेक्षा बोटांना जास्त जोर द्यावा लागतो, हे मात्र खरे, आणि लांब उतारावर लहान हाताच्या माणसाला ते जाणवेल.

दोष आहेत, आणि ते लपवण्यासारखे नाहीत. पॅड झिजल्यावर अंतर आपणच भरून काढायचे असते. वायरवरच्या चाकीने थोडेफार जमते, पण खरी दुरुस्ती कॅलिपरच्या दोन्ही बाजूंच्या बारीक स्क्रूंनी, तीन मिलिमीटरच्या एलन कीने, दोन्हीकडे सारखी करावी लागते. आतल्या बाजूचा स्क्रू आऱ्यांच्या आड असल्याने तिथे हात पोहोचवणे कटकटीचे आहे. हे स्क्रू धक्क्यांनी सैल पडू शकतात, म्हणून पावसाळ्यात ते अधूनमधून तपासावेत. ॲव्हिडच्या बीबी७ ब्रेकला या कामासाठी बोटांनी फिरणाऱ्या चाक्या आहेत, तो त्याचा मोठा गुण, पण त्याचा एकच पॅड हलतो आणि पॅडचा आकारही वेगळा आहे. स्पायरला शिमानोच्या बी०१एस जातीचे पॅड चालतात आणि ते मिळवणे सोपे जाते. टीआरपीचाच हायरोड हा मधला पर्याय आहे: लिव्हरपासून वायर आणि कॅलिपरमध्ये तेल. झीज तो स्वतः भरून काढतो, पण जड आहे आणि आकाराने बोजड.

खरेदी करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. वाकड्या हँडलची रोड लिव्हर माउंटन बाइकच्या लिव्हरपेक्षा कमी वायर खेचते. त्यामुळे कॅलिपरही रोड लिव्हरसाठी बनवलेलाच हवा. बीबी७ दोन्ही प्रकारांत मिळतो आणि स्पायरचा माउंटन बाइकसाठीचा भाऊ स्पाइक या नावाने विकला जातो. चुकीचा घेतला, तर लिव्हर हँडलला टेकते आणि सायकल चालतच राहते. माझ्या ओळखीच्या एका मुलाला एका दुकानदाराने असाच चुकीचा कॅलिपर बसवून दिला आणि ‘वापरून सैल होईल’ असे सांगितले. हे अजिबात ऐकून घेऊ नये.

वायरवरच्या डिस्कचे निम्मे यश आउटरमध्ये, म्हणजे वायरवरच्या बाहेरच्या आवरणात असते. साध्या ब्रेक आउटरमध्ये तारेचे वेटोळे असते, ते दाबाखाली आखडते आणि लिव्हर स्पंजासारखी लागते. न आखडणारा, उभ्या तारांचा ब्रेक आउटर घातला की तोच कॅलिपर ओळखू येत नाही. मात्र गिअरचा आउटर ब्रेकला कधीही घालू नये, दाबाखाली तो फाटू शकतो. मागच्या ब्रेकचा आउटर पॅडलच्या खाली सर्वांत खोल जातो आणि पाणी तिथेच साचते. आतली वायर स्टेनलेसचीच घ्यावी आणि पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधी बदलावी. वरळी, वांद्रे किंवा मरीन ड्राइव्हच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर खाऱ्या हवेमुळे यात हयगय करूच नये.

पॅड रेझिनचे असतात किंवा धातूमिश्रित. रेझिनचे शांत आणि मऊ, पण ओल्या चिखलात भराभर झिजतात. धातूमिश्रित पॅड टिकतात, ओरडतात आणि रोटर तापवतात. मी पावसाळ्यात धातूमिश्रित आणि एरवी रेझिनचे लावतो. काही स्वस्त रोटरवर फक्त रेझिनचे पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते, ती वाचूनच पॅड घ्यावेत. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, पूर्ण न थांबता, चांगले दाबून बसवून घ्यावेत. चेनला तेल फवारताना रोटर झाकावा, एक थेंब उडाला तरी पॅड फेकावे लागतात.

रोटर पुढे १६० मिलिमीटरचा घ्यावा. १४० च्या तुलनेत तेवढ्याच दाबात सुमारे १४ टक्के जास्त पकड मिळते आणि वजनातला फरक नगण्य आहे. मागे १४० पुरतो, पाठीवर लॅपटॉपची पिशवी असेल तर तिथेही १६०. चाक थ्रू ॲक्सलचे (चिमट्याच्या आरपार जाणाऱ्या जाड आसाचे) मिळाले तर सोडू नये, कारण पुढच्या डिस्कचा जोर चाकाला चिमट्यातून खाली ओढतो आणि साध्या क्विक रिलीजवर (खटक्याने आवळल्या जाणाऱ्या बारीक आसावर) तो सगळा ताण येतो.

आयात केलेल्या काही सायकलींवर डाव्या हाताला पुढचा ब्रेक जोडलेला असतो. तो आपल्या सवयीप्रमाणे उजवीकडे बदलून घ्यावा. सायक्लोक्रॉसमध्ये याचा आणखी एक फायदा आहे: धावत उतरताना आपण डाव्या बाजूला उतरतो, उजवा हात फ्रेमवर येतो आणि हँडलवर डावाच हात उरतो. त्या हाताखाली मागचा ब्रेक असला, तर चिखलात उतरतानाही सायकल पुढे उलटत नाही. वायरच्या ब्रेकमध्ये ही अदलाबदल म्हणजे दोन नवे आउटर आणि तासाभराचे काम, तर हायड्रॉलिकमध्ये नळ्या बदलून तेल पुन्हा भरावे लागते. सायकल घरी नेण्यापूर्वी दुकानातच हे करून घ्यावे.