सात महिने, दोन टर्नटेबल आणि डाव्या डेकची घूंऽऽ

डीजेसारख्या रेकॉर्ड एकात एक मिसळायला शिकतेय. त्यासाठी लागणाऱ्या दोन टर्नटेबलांपैकी डावं, म्हणजे डावा डेक, परवा लॅमिंग्टन रोडवरून दुरुस्त होऊन आला. बिल १५० रुपये. त्याच्या घूं आवाजापायी त्याआधी माझे ३,६०० रुपये गेले होते, म्हणून आज लिहायला बसले.

जेजे कला महाविद्यालयात फाउंडेशनला प्रवेश मिळाला त्याच महिन्यात ही जोडी घेतली. वापरलेली, डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळी फिरवते), १९७९च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२च्या वळणाची, पिच, म्हणजे वेग, अधिक-उणे ८ टक्के बदलता येणारी. दोन चॅनलच्या मिक्सरसकट ३८,००० रुपये. पेणला दोन उन्हाळे गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करून साठवलेले पैसे होते ते, त्यामुळे रुपयान् रुपयाचा हिशेब डोक्यात आहे. राहते गिरगावात, मावशीच्या चाळीतल्या खोलीत.

डावा डेक पहिल्या दिवसापासून घूं करायचा. उजवा स्वच्छ. विकणारा म्हणाला, "जुनं यंत्र आहे, एवढं चालायचंच." सर्व्हिसवाल्याने कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) बदललं, ३,६०० घेतले, घूं जागच्या जागी. परत गेले तर म्हणे चाळीचं वायरिंग खराब. मी ते खरं मानलं. चार महिने ट्यूबलाइट बंद करून आणि फ्रिजचा प्लग काढून सराव केला. मावशीचं दूध दोनदा नासलं, तरी ती काही बोलली नाही. ते मला अजून लागतं.

एवढा त्रास का होतो तेही सांगते. सुईतून येणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा. मिक्सरचा फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची जागा) तो शंभरेक पट वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून कापतात, नाहीतर खाच फार रुंद होईल. वाजवताना तो दाबलेला खर्ज पुन्हा वर आणावा लागतो. ५० हर्ट्झला ही वाढ १००० हर्ट्झच्या मानाने सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट. आणि आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची, म्हणून तिची घूंही तेवढीच वाढते. हेडफोनच्या एका कानात पुढच्या रेकॉर्डचा किक ड्रम (ठेक्याचा जड ठोका) शोधायचा असतो, त्याच कानात ही घूं बसलेली.

लॅमिंग्टन रोडच्या काकांनी डेक उघडण्याआधी एकच विचारलं : "आर्मला, सुईच्या दांड्याला, बोट लावलं की आवाज जातो?" जात होता. सात महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मीटर लावला. ग्राउंडची बारीक वायर बाहेरून शाबूत, पण बुडाशी आतून तुटलेली. नवी वायर, सोल्डरचे दोन टाके, वीस मिनिटं. चाळीच्या वायरिंगचा काही संबंध नव्हता.

जुने डेक घेऊ नका, असं लिहायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. आता तसं म्हणणार नाही. मोटर दोन्हींची उत्तम आहे, बोटाने रेकॉर्ड धरून सोडली की थाळी लगेच वेग पकडते. स्लिपमॅट, म्हणजे रेकॉर्डखालची सरकती चकती, मी फेल्ट कापून बनवली आणि खाली वर्गातला बटर पेपर घातला, तेव्हापासून रेकॉर्ड तेलावर असल्यासारखी सरकते. सुई खाचेत ठेवताना श्वास रोखायचा, हे आखणीने हाताला आधीच शिकवलं होतं.

खरं अवघड निघालं ते चोरबाजारातल्या रेकॉर्डींचं काम. हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची परदेशी बारा इंची रेकॉर्ड दोन हजारांच्या पुढे, म्हणून शुक्रवारी पहाटे जाऊन दमदमला छापलेल्या सत्तरच्या दशकातल्या सिनेमाच्या एलपी आणते. हाउसचा ठेका ड्रम मशीनचा असतो, एकदा जुळला की बराच वेळ जुळलेला राहतो. इथे अख्खा वाद्यवृंद माणसांचा. अंतऱ्यात लय किंचित चढते, मुखड्यावर येताना सैल पडते, त्यामुळे पिचच्या फेडरवरचा (वेगाच्या सरकत्या खुंटीवरचा) हात काढताच येत नाही. मानवाकृती काढताना नजर मॉडेलवरून हलली की रेषा खोटी पडते, तसंच. मी आता नव्या शिकणाऱ्यांना याच रेकॉर्डींवर शिका असं सांगेन.

एकदा दोन गाणी जुळवायला एक जवळजवळ ६ टक्क्यांनी वर नेलं होतं. मावशी भजनी मंडळात पेटी वाजवते. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "अगं, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये का गातेय ती?" वेग ६ टक्के वाढला की सूर बरोबर अर्ध्या पट्टीने चढतो, हे मी वाचलं होतं. ऐकलं नव्हतं. आता मिक्स जमला की नाही हे मी तिलाच विचारते.

एक सावधगिरी, कला शाखेवाल्यांसाठी. चारकोलची पूड खाचेत गेली की निघता निघत नाही, सुईही लवकर झिजते. वर्गातून आल्यावर साबणाने हात धुवायचे आणि खोलीत फिक्सेटिव्ह (चारकोल पक्का करायचा फवारा) अजिबात मारायचं नाही. चोरबाजारातल्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना या सुया लावू नका, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते.

उजव्या डेकची वायरही तेवढीच जुनी आहे. तिच्यासाठी १५० रुपये बाजूला काढून ठेवले आहेत, येत्या सोमवारी नेते.